पेटत्या आइस्क्रीमचा बंदोबस्त

५ मार्च

ती. काका आणि ती. काकू यांना खारूचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमची पुतणी आता नुसती भाज्या चिरणारी राहिली नाही. आमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातला थंड कोपरा, दोन फ्रीझर आणि एक संगमरवरी ओटा एवढं राज्य माझ्या नावावर झालं आहे. आइस्क्रीमचे जेवढे म्हणून प्रकार निघतील, ते सगळे माझ्याकडे. तीन महिने मॅनेजरसाहेब काम बघणार आणि मग मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार.

काका, तुम्ही मागे म्हणाला होतात की आइस्क्रीम वाढण्यात शिकण्यासारखं काय असतं, गोळा काढायचा आणि पुढे ठेवायचा. तसं नसतं हो. संडे नावाचा प्रकार उंच पेल्यात जातो. त्याचं बूड अरुंद आणि डोकं जड, म्हणून आधी खाली सॉस, मग गोळे, मग साय, आणि तळापर्यंत पोहोचणारा लांब चमचा. केळ्याचं असेल तर होडीसारखी काचेची थाळी लागते, दोन बाजूंना केळ्याच्या फाका आणि मध्ये तीन गोळे. एक प्रकार छोट्या कपातला: त्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कडक कॉफी ओतायची आणि लगेच मागे सरकायचं, म्हणजे त्याला वितळण्याआधी खायची घाई होते. एक तर चक्क तळायचा! गोळा दगडासारखा गोठवायचा, चुऱ्यात घोळवायचा आणि कढत तेलात बुचकळून काढायचा.

पण मुख्य बातमी पुढेच आहे. मालकांच्या आईंची येत्या दहा एप्रिलला नव्वदी आहे. त्यांनी तरुणपणी कुठेतरी पेटतं आइस्क्रीम पाहिलं होतं, तेच त्यांना हवं आहे. केकवर आइस्क्रीम ठेवायचं, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या फेसाची जाड रजई घालायची, भट्टीत तांबूस करायचं आणि टेबलावर नेऊन रम ओतून पेटवायचं. दिवे घालवून. बाहेर जाळ आणि आत गारेगार. आशीर्वाद द्या.

माझ्यावरची माया फ्रीझरबाहेरच ठेवा, ती वितळणारी नाही.

तुमची, खारू

*

९ मार्च

चि. खारूस काकांचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सुरुवात बसून वाचली, शेवट उभं राहून.

मधल्या पदार्थांबद्दलच्या शंका आधी निकालात काढतो. बूड अरुंद आणि डोकं जड अशा वस्तूला आमच्या खात्यात धोकादायक इमारत म्हणत. तिच्यात लांब चमचा खुपसल्याने धोका कमी होत नाही. होडीत तीन गोळे बसतात हे कोणी ठरवलं, हेही लिहिलेलं नाहीस. आणि कढत तेलात बर्फासारखी वस्तू सोडणाऱ्या लोकांना मी बंबाच्या नोकरीत कितीदा तरी दवाखान्यात पोचवलं आहे. तू ते काम पगार घेऊन करतेस.

आता मुख्य गोष्ट. बाळ, आम्ही आग विझवायला तिच्यावर घोंगडी टाकतो. तू बर्फाला रजई पांघरतेस आणि त्या रजईला काडी लावतेस. तेही मुद्दाम, माणसं जेवत असताना, अंधार करून! यात माझीच समजूत कुठे कमी पडते आहे का, असं मी तुझ्या काकूला विचारलं. ती म्हणाली, पडते.

तरी पुढील गोष्टी कळव. दारं आत उघडतात की बाहेर? पडदे सुती की नायलॉनचे? नव्वदीच्या बाई पळू शकतात का?

काकूचा गुडघा आहे तसाच आहे. लोभ वाढव, जाळ वाढवू नकोस.

तुझा, काका

*

१४ मार्च

ती. काकांना खारूचा सा. न. वि. वि.

दारं बाहेर उघडतात. पडदे मखमलीचे आहेत. बाई पळू शकत नाहीत, पण त्यांना पाहिलं की बाकीचे पळतात, म्हणून प्रश्न मिटतो.

काका, थट्टा बाजूला ठेवते. मला या पदार्थाची धास्ती वाटते. मॅनेजरसाहेबांनी काल सरळच सांगितलं की दहा तारखेला फजिती झाली, तर कारखान्यातून कागदी कपातलं आइस्क्रीम येईल, बरोबर लाकडी चमचे येतील आणि माझा कोपरा बंद होईल. मी आतापर्यंत हा पदार्थ चारदा करून बघितला. फेस जमतो, केक जमतो, पण काडी ओढली की लावायच्या आधी मीच ती फुंकून टाकते. स्वयंपाकघरातले सगळे हसतात. पेटवायला भिणारी पोर कोणाच्या घरात वाढली हे त्यांना काय ठाऊक!

काकूच्या गुडघ्याला शेक द्या (पाण्याच्या पिशवीचा, ज्वाळेचा नाही). काळजी करा, पण माफक करा.

तुमची, खारू

*

२३ मार्च

चि. खारूस काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांना सांगू नकोस, म्हणून हे निराळं पत्र लिहिते आहे.

निवृत्त झाल्यापासून त्यांनी या इमारतीत कोणाला सुखाने चहा करू दिलेला नाही. टोस्टचा वास आला की जिना उतरतात. वीज गेली की शेजाऱ्यांच्या मेणबत्त्या फुंकून येतात आणि मग अंधारात धडपडत परततात. मी सगळं सोसते. पण तुझ्या पत्रानंतर त्यांनी आइस्क्रीमची एक लादी आणली, माझ्या चांगल्या थाळीत काढली आणि गच्चीवर नेऊन म्हणाले की शत्रू नीट पाहिल्याशिवाय बंदोबस्त करता येत नाही. घरात रम कुठली असणार? माझं गुडघ्याला चोळायचं स्पिरिट ओतलं.

मग काडी ओढली आणि फुंकली. दुसरी ओढली, तीही फुंकली. अर्धी पेटी संपली गं! हात पुढे जाईचना त्यांचा. आयुष्यभर ज्या माणसाने विझवलं, त्याच्या हातून लागेना. शेवटी मला स्वयंपाकाची घाई होती, मी पुढे होऊन काडी लावली. भसकन निळा जाळ झाला. तळमजल्यावरच्या शिंप्याने तो रस्त्यावरून पाहिला आणि बंबाला फोन केला.

बंब आला तो यांच्याच स्टेशनचा. वर येऊन बघतात तर त्यांचे जुने साहेब पेटत्या आइस्क्रीमसमोर स्टुलावर बसलेले! पोरांनी आधी टाचा जुळवून सलाम ठोकला आणि मग पाइप सोडला. लादी, थाळी आणि दोरीवरची माझी चादर शेजारच्या बागेत गेली. हे म्हणाले, शाबास, पाण्याचा दाब चांगला आहे.

गाडी वळून गेल्यावर मात्र कठड्याला धरून त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, पाइप कुणीतरी चुकीचा गुंडाळला होता, सांगायचं राहून गेलं. मला हसावं की रडावं कळेना.

खारू, त्यांना बोलाव. पेटवायला नको, विझवायलाही नको. नुसतं उभं राहायला बोलाव. माझं येणं काही गुडघा होऊ देणार नाही.

तब्येत सांभाळ. तुझ्या आठवणीने इथे रोज एक पोळी जास्त होते.

तुझी, काकू

*

२७ मार्च

ती. काकांना सा. न. वि. वि.

हे घरगुती पत्र नसून कामाचं निमंत्रण समजावं. दहा तारखेच्या जेवणाला अनुभवी माणसाची देखरेख हवी आहे. मॅनेजरसाहेबांची मी परवानगी काढली. ते नको म्हणाले, तेव्हा मी पुन्हा काढली.

अटी एवढ्याच. शिट्टी आणायची नाही. हेल्मेट घालायचं नाही. वाळूची एक बादली चालेल, पण तिच्यात मी शोभेचं झाड खोवणार. ओली घोंगडी हातावर घडी घालून ठेवावी. आणि काहीही झालं तरी माझं आइस्क्रीम विझवायचं नाही. शब्द द्या.

येताना काकूच्या हातची मिरची आणा. बाकी माया आहेच, ती बादलीत मावणार नाही.

तुमची, खारू

*

११ एप्रिल

ती. काकूस खारूचा सा. न. वि. वि.

काका सुखरूप आहेत, हे आधी लिहिते. आता सविस्तर.

काका पडद्याजवळ ताठ उभे होते. हातावर ओली घोंगडी, पायाशी झाड लावलेली बादली. दोन पाहुण्यांनी त्यांना हात पुसायला उभा केलेला माणूस समजून घोंगडीला हात पुसले. काका प्रत्येकाला दाराची दिशा सांगत होते.

दिवे गेले, टेबलावर एक मेणबत्ती तेवढी राहिली. मी पदार्थ घेऊन निघाले. आत रम पळीत गरम करून घेतली होती. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी भाषण सुरू केलं. हॉटेलच्या पायाभरणीपासून! अंधारात मी उभी, हातात ताट, आणि पळीतली रम गार पडत चाललेली. भाषण संपलं, मी रम ओतली, काडी लावली. काही नाही. दुसरी लावली, तीही विझली. कोणीतरी खाकरलं. मालकांच्या आई खणखणीत आवाजात म्हणाल्या की पेटत नसेल तर तसंच खाऊ, पण मग दिवे तरी लावा, ओठ सापडत नाहीत. सगळे हसले. मॅनेजरसाहेबांनी माझ्या कानात कागदी कपांची आठवण करून दिली.

काकू, मी घाबरून काकांकडे पाहिलं. त्यांनी घोंगडी खाली ठेवली. ती ठेवताना त्यांचा हात किती जड झाला होता ते मला अंधारातही दिसलं. पुढे आले, माझ्या हातातली पळी घेतली, बाटलीतून रम घेतली आणि टेबलावरच्या मेणबत्तीवर धरून शांतपणे ऊब दिली. मला हळूच म्हणाले की गार दारू जळत नाही, तिची वाफ जळते. मग पळी कलती केली. जाळ पळीत आला, काकांनी डोळे मिटले आणि ओतला.

काय पेटलं म्हणून सांगू! फेसाच्या टोकाटोकावरून निळी ज्योत धावत गेली. सगळं दालन आ करून बघत होतं. काकांनी डोळे उघडले आणि तेही आ करून बघायला लागले. इतक्यात आजीबाई पुढे वाकल्या आणि एका फुंकरीत सगळं विझवून टाकलं. त्यांना वाटलं वाढदिवसाची मेणबत्तीच आहे. टाळ्या झाल्या.

आणि काका चिडले! माझे काका! कोणी विझवलं म्हणून गरजले. तुम्हाला कोणी अधिकार दिला असं त्यांनी नव्वद वर्षांच्या यजमानीणबाईंना विचारलं. मॅनेजरसाहेब खुर्चीत बसले. आजीबाईंनी काकांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, पुन्हा लावा की मग. काकांनी लावली. त्यांनी फुंकली. काकांनी बाटली मागवली. असं किती वेळ चाललं देव जाणे. दोघांपैकी एकजणही मागे हटेना, आणि पाहुणे तर पैजा लावायला लागले.

शेवटी रम संपली. रजई कोळशासारखी झाली होती आणि आतलं आइस्क्रीम केकसकट वाहत होतं. मी सूपच्या वाट्या मागवल्या, पळीने वाढलं, वर करपलेल्या फेसाचा एकेक तुकडा ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की हे असंच वाढतात. सगळ्यांनी पुन्हा मागितलं.

मला कायम केलं. आजीबाईंना आता दर रविवारी हाच पदार्थ हवा आहे, आणि पेटवायला तोच भांडखोर माणूस. मॅनेजरसाहेब काकांना विचारायला गेले, तर काका म्हणाले की विचार करून लेखी कळवतो. आज सकाळच्या गाडीने निघालेत. त्यांना फार टोचून बोलू नकोस.

मिरची अप्रतिम. गुडघ्याला नमस्कार, तुला त्याहून मोठा.

तुझी, खारू

*

१३ एप्रिल

चि. खारूस काकांचे अ. आ. वि. वि.

सुखरूप पोचलो. दिलेला शब्द मी पाळला, हे नमूद करावं.

एक गोष्ट तुला सांगतो, काकूला सांगितली नाही. आम्ही आग विझवून निघायचो तेव्हा रस्त्यावर जमलेली मुलं आमच्याकडे फार नाराजीने बघायची. जीव धोक्यात घालून आलो आणि हे काय बघणं, असं मला नोकरीभर वाटायचं. परवा त्या बाईंनी पहिली फुंकर घातली, तेव्हा मी अगदी तसंच बघितलं असणार. आग इतकी सुंदर दिसते, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही पोचायचो तेव्हा बघायला वेळ नसे.

रविवारचं काम मला मंजूर आहे. भाषण मात्र जेवणानंतर व्हावं. पेटवणं माझ्याकडे राहील. विझवायला दुसरा कोणी नेमू नये, त्याच बाई असाव्यात. या वयात अशी फुंकर मी आमच्या खात्यातही पाहिली नाही. फक्त वाकताना केस मागे धरायला सांग, आणि एकदम फुंकू नका म्हणावं. मला जरा बघू द्या.

लोभ आहे, तसाच तेवत राहू दे.

तुझा, काका