रिधाच्या माथी मारलेलं बेअरिंग

क्रातेन, कर्केना बेट
९ मे १९८०

ती. मुल्दीदादास,

नजियाचा सलाम. वि. वि. इकडे सर्व ठीक. ऑक्टोपसचा हंगाम संपला, ते धरायची मडकी वाळत घातली. तुझे मेहुणे आता मोटर होडीवरून उतरवून खोपीत टांगतील.

एक विचारायचं आहे. गेल्या ऑक्टोबरात, हंगामाच्या आठव्याच दिवशी, मोटर किंचाळून बंद पडली. क्रँकचं बेअरिंग फुटलं होतं. दोघे भाऊ दीड दिवस वाहवत गेले. किनाऱ्याला लागल्यावर यांनी धाकट्या रिधाला चारचौघांत सुनावलं, की पेट्रोलात तेल मिसळायचं एवढं एक काम तुझं, तेही विसरलास. रिधा म्हणाला, मिसळलं होतं. यांनी ऐकलं नाही. तो सफाक्सला गेला, बंदरावर ओझी वाहतो. मोठ्या ईदलाही आला नाही. सासूबाई त्याच्या वाटणीचं मांस बाजूला काढून बसल्या होत्या.

तेल मिसळूनही बेअरिंग फुटू शकतं का, तेवढं लिही. माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझी नजिया


मार्सेय
२१ मे १९८०

चि. नजियास अ. उ. आ.

दीड दिवस वाहवत गेलेली माणसं तू सात महिन्यांनी कळवतेस. तुला बहीण म्हणावं की सरकारी कचेरी?

आता कामाचं. टू-स्ट्रोक मोटरीत तेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलाबरोबर येतं तेवढंच तेल बेअरिंगला लागतं. ते नसतंच, तर मोटर पहिल्या दिवशीच बसली असती. जुनं बेअरिंग फेकलं नसेल तर बघ. तेलावाचून गेलेलं जळून निळं-काळं पडतं. गंजाने गेलेल्यावर तांबूस खड्डे असतात.

खड्डे असतील तर दोष आधीच्या मे महिन्याचा. मोटर नुसती टांगली की उन्हाळाभर खारी हवा आत शिरते आणि पोलाद खाते. आधी गोड्या पाण्यात चालवून धुवायची. चालू असतानाच कार्ब्युरेटरमधून तेल सोडायचं, पांढरा धूर ओकत गुदमरून बंद पडू द्यायची. मग प्लग काढून भोकांत चमचाभर तेल, आणि दोरी हळू ओढून फिरवायची. दर पंधरवड्याला पुन्हा.

त्या मे महिन्यात मोटर कोणी टांगली, ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. सासूबाईंना सलाम, मुलांना पापा.

मुल्दी


क्रातेन
१८ जून १९८०

ती. दादास, सलाम वि. वि.

बेअरिंग सासूबाईंच्या खिळ्यांच्या डब्यात सापडलं. खड्डे नखाला लागतात. ते यांच्यापुढे ठेवून तुझं पत्र वाचलं. म्हणाले, मार्सेयला बसून शहाणपण शिकवायला काय जातं. तिसऱ्या दिवशी स्वतःच अंगणात गोड्या पाण्याचं पिंप भरून त्यात मोटर चालवली, तेल सोडलं. एवढा धूर झाला की शेजारची सालहा बादली घेऊन धावली. सगळं झाल्यावर हे तसेच, तेलकट हातांनी, बसून राहिले. टांगायचं काम यांचंच होतं रे.

मंगळवारी बेअरिंग खिशात घालून फेरीने सफाक्सला गेले. एकटेच परत आले. रिधा भेटला का विचारलं. भेटला, एवढंच म्हणाले.

तब्येत जप. आठवण ठेव.

नजिया


क्रातेन
१९ ऑक्टोबर १९८०

श्री. मुल्दी यांस,

आपल्या मेहुण्याचा, तिजानीचा सलाम. वि. वि. आपल्याला पहिल्यांदाच लिहितो आहे, हात वळत नाही, सांभाळून घ्यावं.

जूनमध्ये मी बंदरावर रिधाच्या सोबत्यांदेखत बेअरिंग त्याच्या हातात दिलं आणि चूक माझी होती असं सांगितलं. सुनावलं चारचौघांत होतं, तेव्हा कबूलही चारचौघांतच करायला हवं होतं. तो म्हणाला, काम पडलंय, तू जा. मी आलो. आपण लिहिल्याप्रमाणे उन्हाळाभर मोटर हाताने फिरवत राहिलो. हंगामाला दोरीच्या दुसऱ्या ओढीतच सुरू झाली.

परवा रिधा फेरीतून उतरला. आईला भेटला, माझ्याशी बोलला नाही. थेट होडीवर जाऊन त्याने तेलाचा डबा उचलला, माप माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, पन्नास माप पेट्रोलाला एक माप तेल, नीट बघून घे. मी म्हटलं, बघायची गरज नाही. तो म्हणाला, आहे. मग तो ओतत होता तोवर मी बघत उभा राहिलो.

भरती चढते आहे, आम्ही दोघे निघतो. लोभ ठेवावा.

आपला
तिजानी