उत्तरपूजा न झालेल्या पुस्तकांबाबत

प्रति,
मा. समाजशिक्षण अधिकारी,
जिल्हा बीदर, हैदराबाद राज्य.

अर्जदार : अच्युतराव मुडबीकर, वार्ताहर, राहणार मौजे कवठाळी, मुडबीनजीक.
गैरअर्जदार : नरहरराव, निवृत्त पेशकार, राहणार सदर.

विषय : सरकारी वाचनपेटीतील पुस्तके ही पुस्तकेच आहेत असे लेखी जाहीर होऊन ती वाचकांस मिळणेबाबत; तसेच ती अडवून ठेवणाऱ्यास योग्य तो त्रास होणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांस आलेली, एकमेकांस खोडून काढणारी दोन उत्तरे.

महोदय,

१. मी एका मराठी दैनिकाचा या भागातील वार्ताहर आहे. बातमी रोज संध्याकाळच्या मोटारीने रवाना करावी लागत असल्याने मला थोडक्यात लिहिण्याची सवय आहे. हा अर्ज तरीही लांबला आहे. अर्जदार सूडबुद्धीने लिहीत आहे, असे आपणांस गावातून कोणीतरी कळवीलच. ते खरे आहे. सूड घेणाऱ्याने तपशिलात चूक करू नये असे माझे मत असल्याने खाली लिहिलेली प्रत्येक गोष्ट मी दोनदा तपासली आहे.

२. गेल्या वर्षी नवरात्रात आपल्या कचेरीकडून आमच्या गावच्या समाजशिक्षण केंद्रासाठी वाचनपेटी आली. शाळेचे छप्पर गळत असल्याने मास्तरांनी ती मारुतीच्या देवळात ठेवली. नरहरराव हे केंद्राचे अध्यक्ष आणि देवळाचेही पंच आहेत. खंडेनवमीला गावात नांगर, तराजू, वस्तरा, शिवणयंत्र अशा सर्व साधनांची पूजा होते. नरहररावांनी पेटीतील पुस्तके बाहेर काढवली, तांबड्या कापडात बांधवली, गाभाऱ्याशेजारच्या कोनाड्यात मांडवली आणि स्वतः यजमान म्हणून त्यांची यथासांग पूजा केली. इथपर्यंत माझी कोणतीही हरकत नाही.

३. पूजेला बसवलेली वस्तू उत्तरपूजा झाल्याखेरीज जागची हलवत नाहीत, हे आपणांस ठाऊक असेलच. दसऱ्याच्या सकाळी अक्षता टाकून ती वस्तू थोडी सरकवायची, म्हणजे नांगर पुन्हा नांगर होतो आणि तराजू पुन्हा तराजू. परंतु नवमीच्या संध्याकाळी गुलबर्ग्याहून नरहररावांच्या चुलतभावाच्या निधनाची तार आली आणि त्यांना सुतक लागले. गावातील बाकीच्या वस्तू ज्याच्या त्याने हलवल्या. पुस्तके राहिली. पुजारी जयतीर्थाचार यांनी दुसऱ्या कोणाच्या हातून अक्षता टाकून घेण्याची तयारी दाखवली होती. त्यावर नरहरराव म्हणाले, "यजमान मी हाये, आचार. माझ्या हातची पूजा दुसऱ्यानं मोडायची न्हाई." सुतक फिटल्यावर त्यांना आठवण केली तेव्हा ते म्हणाले की मुहूर्त बघावा लागेल. मुहूर्त ते अद्याप बघत आहेत. यंदाची खंडेनवमी आली तेव्हा पुस्तकांची पुन्हा पूजा करून नंतर रीतसर उत्तरपूजा करावी अशी सूचना निघाली. तीही त्यांनी फेटाळली. "बसलेल्या देवाला पुन्हा काय बसवायलाव?" असे त्यांचे शब्द आहेत. अशा रीतीने गेल्या वर्षीची पूजा या वर्षीही चालू आहे.

पुस्तके ज्या लाकडी पेटीतून आली ती पेटी मात्र नरहररावांच्या घरी पापड ठेवण्याच्या कामी आहे. तिला उत्तरपूजा लागली नाही.

४. आता ही पुस्तके कोणाला व कशासाठी हवी आहेत ते लिहितो. माझी धाकटी बहीण वृंदाबाई विधवा असून माझ्याकडे राहते. आपल्या खात्यातर्फे प्रौढ साक्षरता वर्ग चालवणाऱ्या महिला कार्यकर्तीच्या जागेसाठी जी निवड होते तिला ती बसते. परीक्षेचे विषय तीन आहेत : समाजसेवा, सर्व धर्मांची ओळख आणि इतिहास. प्रत्येक केंद्रास पाठवलेल्या पेटीतील पुस्तकांवरच प्रश्न विचारले जातील, असे आपल्या जाहिरातीत म्हटले आहे.

कोणी म्हणेल, शहाण्या बाईला यासाठी पुस्तक कशाला हवे? मीही तसे म्हणालो होतो. तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, मला धर्म मालूम हाये तो आपल्या एका घरातला. उद्या वर्गाला लिंगायताच्या बाया येतील, मुसलमानाच्या येतील. त्यांच्या चुलीपाशी बसून मी काय आपलंच सांगू?" इतिहासाबाबत तिचे म्हणणे असे की, पोलीस ॲक्शनच्या आधी आणि नंतर आमच्या भागात जे घडले ते जो तो आपल्या सोयीने सांगतो, आणि कोणाचे ऐकावे हे ठरवायचे तर आधी ज्याने चार बाजू तपासून लिहिले आहे असे काहीतरी वाचलेले असावे. माझा धंदाच ऐकीव गोष्टी तपासण्याचा असल्याने मला हे मान्य करावे लागले. समाजसेवा ती आजही करते. बाळंतिणींकडे जाते, पोरींना अक्षरे शिकवते. पण दुसऱ्या गावांत हेच काम कसे करतात, कोठे फसले, का फसले, हे तिला गावात बसून कोण सांगणार?

५. गेल्या निवडीच्या वेळी ती पुस्तके न वाचता बीदरला गेली. लेखी परीक्षेत जेमतेम टिकली. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला : आपल्या केंद्रातील कोणकोणती पुस्तके वाचलीत? तिने खरे उत्तर दिले, "एकही न्हाई. ती पूजेला बसली हायत." सभेच्या वृत्तांतात आम्ही वार्ताहर असा प्रसंग कंसात 'हशा' असे लिहून पुढे जातो. मी त्या खोलीबाहेरच्या बाकावर होतो. दार बंद असूनही हशा स्पष्ट ऐकू आला, आणि तो लवकर थांबला नाही. निवड झाली नाही. परतीच्या मोटारीत ती मला एवढेच म्हणाली, "खरं बोलले म्हणून गेलं. जानेवारीत पुन्हा हाये. तवा खोटं बोलू का?"

६. दुसऱ्या दिवशी मी नरहररावांकडे गेलो. ते पारावर बसले होते व आणखी मंडळीही होती. मी सभ्यपणे मागणी केली. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : "अच्युता, पुस्तकं काय पळून जायलीत का? अन् तुझ्या बहिणीला सेवाच करायचीय न्हवं? मग देवळाचा उंबरा सारव म्हणावं रोज. त्याला पुस्तक कामून लागायलंय?" मंडळी हसली. त्या दिवसापासून प्रस्तुत अर्जदार त्यांचा हितचिंतक नाही.

७. या प्रकरणी दुसरा नुकसान सोसणारा इसम हावगेप्पा हा आहे. तो देवळापलीकडच्या वस्तीत राहतो, चपला शिवतो व चौथीपर्यंत शिकलेला आहे. पेटीतील समाजसेवेच्या पुस्तकात अस्पृश्यतानिवारणावर एक मोठे प्रकरण असल्याचे मास्तरांनी त्याला सांगितले होते. त्याला ते वाचायचे आहे. देवळाच्या पायरीखाली उभे राहून तो जयतीर्थाचारांना म्हणाला, "सामी, आमच्याविषयी लिवलेलं पुस्तक आत बसलंय अन् आम्ही भाईर उभं हाव. एक तर त्येला भाईर काडा, न्हाई तर आमाला आत घ्या. दोन्ही न्हाई म्हणलात तर लिवणाऱ्यानं लिवलं कुणासाठी?" आचार वाईट मनुष्य नाहीत. ते रोज सकाळी पुस्तकांवर एक फूल ठेवतात आणि मान खाली घालून बाहेर येतात.

८. माझ्या पहिल्या अर्जास आपल्याच कचेरीचे उत्तर आले की, पुस्तके देवळात गेली असल्याने देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्यांकडे जावे. तेथे दुसरा अर्ज केला. उत्तर आले की, सदर पुस्तके देवाच्या मालमत्तेत नोंद नाहीत, सबब ज्यांनी पाठवली त्यांच्याकडे जावे. ही दोन्ही उत्तरे नरहररावांना कोठून कळली ते समजत नाही. ते हल्ली पारावर सांगतात, "सरकारलाच मालूम न्हाई पुस्तकं कुणाची, अन् हा अच्युता निघाला मालकी सांगायला."

९. आता जी गोष्ट लिहितो ती एरवी लिहिली नसती. नरहररावांचे सर्व शिक्षण उर्दूत झाले. निजामी अमलात त्यांची उर्दू पेशकारी, म्हणजे साहेबापुढे कागद मांडण्याचे काम, उत्तम होती. आजही त्यांचे उर्दू अक्षर पाहण्यासारखे आहे. परंतु मराठीचे बालबोध अक्षर ते लावून लावून वाचतात. मोठ्याने वाचावे लागले तर दोन ओळींत अडखळतात. पेटी आली त्या दिवशी मास्तरांनी त्यांना पहिल्या पुस्तकातील चार ओळी लोकांना वाचून दाखवण्याची विनंती केली होती. त्यांनी चष्मा घरी राहिल्याचे सांगितले. चष्मा त्यांच्या खिशात होता. मी समोरच बसलो होतो. पूजेची कल्पना त्यानंतर निघाली. ज्या पुस्तकांपुढे त्यांना अडखळावे लागले असते ती पुस्तके त्यांनी उघडताच येणार नाहीत अशा जागी बसवली, असा माझा तर्क आहे. बातमीत मी तर्क लिहीत नाही. अर्जात लिहितो.

१०. वरील परिस्थितीत माझ्या मागण्या येणेप्रमाणे :

(अ) यजमान नरहरराव यांनी आपल्या कचेरीच्या प्रतिनिधीसमक्ष उत्तरपूजा करून पुस्तके मोकळी करावीत व ती दुरुस्त झालेल्या शाळेत, सर्वांना जाता येईल अशा जागी ठेवावीत, असा हुकूम व्हावा. जानेवारीतील निवडीपूर्वी वाचून व्हावे यासाठी हे याच महिन्यात होणे जरूर आहे.

(ब) पुस्तके देव आहेत असे नरहररावांचे म्हणणे कायम असल्यास ते सरकारने पूर्णपणे मान्य करावे. मग देवाला जे लागते ते सर्व त्यांच्याकडून करून घ्यावे. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, सोवळे, सकाळ-संध्याकाळ पूजा, नैवेद्य आणि आरती. हे यजमानाने स्वतःच करायचे, कारण त्यांच्या हातच्या पूजेत दुसऱ्याने हात घालायचा नाही हा नियम त्यांचाच आहे. ते थंडीचे दोन महिने दरवर्षी हैदराबादला मुलीकडे जातात. यंदा देव गावात एकटा ठेवून त्यांना जाता येणार नाही, अशी समज द्यावी.

(क) देव म्हटला की दर्शन आले, आणि मंदिरप्रवेशाचा कायदा झालेला असल्याने दर्शनास कोणालाही अडवता येत नाही. मारुतीचे दर्शन मुखाचे घेतात. पुस्तकाचे दर्शन उघडल्याशिवाय होत नाही. सबब वृंदाबाई व हावगेप्पा हे दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी देवळात जाऊन पुस्तकांचे दर्शन घेतील, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मोठ्याने. जयतीर्थाचारांनी दार उघडे ठेवण्याचे कबूल केले आहे. बंदोबस्तासाठी पोलीस पाठवण्याची विनंती मी करीत नाही. आपण स्वतः यावे ही विनंती आहे.

(ड) वृंदाबाईची निवड झाल्यास तिच्या प्रौढ साक्षरता वर्गात पहिले नाव नरहररावांचे घालावे, आणि त्यांची जागा पहिल्या ओळीत, दारासमोर, पारावरून दिसेल अशी असावी. त्यांना मोठ्याने वाचण्यास सांगावे.

(इ) हा अर्ज पोचल्याचे कळताच नरहरराव आपणांकडे येतील. ते उत्तम बोलतात. ते म्हणतील की गावकीतला गैरसमज आहे, अच्युता माझ्या मुलासारखा आहे, आणि डोळ्यांत पाणीही आणतील. ते माफी मागतील. ती आपण कृपया घेऊ नये व मलाही घेण्यास सांगू नये.

११. मागणी (अ) ही वृंदाबाईची आहे. बाकीच्या माझ्या आहेत. दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून हे स्पष्ट लिहिले. तिने सर्व मागण्यांस सही द्यावी असा मी आग्रह केला; तिने जेवढे लिहून दिले तेवढे खाली तिच्याच अक्षरात आहे.

कळावे. उत्तर कोणत्याही कचेरीचे चालेल, मात्र या वेळी एकाच कचेरीचे यावे.

आपला नम्र, परंतु या एका प्रकरणी क्षमाशील नसलेला,
अच्युतराव मुडबीकर
मौजे कवठाळी, दि. २ नोव्हेंबर १९५३

सोबत : १. दोन्ही कचेऱ्यांची उत्तरे. २. वृंदाबाईच्या गेल्या परीक्षेचे निकालपत्र. ३. आपल्या खात्याची जाहिरात, संबंधित ओळीखाली रेघ मारलेली.

सर्व मागण्या कबूल. सोमवारी यायलोय.
— हावगेप्पा

माझी सही फक्त (अ) ला आहे. सोमवारी मी पण जाणार. थंड पाणी अन् आरती हे सगळं अण्णाचं हाये. नरहररावकाका वर्गाला आले तर त्यांना मी मागच्या ओळीत बसवीन, भिंतीकडं. तिथं कुणी बघायलं नसतंय. अन् पहिला महिनाभर मोठ्यानं वाचायला लावणार न्हाई.
— वृंदा