जेवलास का, एवढंही विचारायचं नाही

नांदेड. फसली सालाचा बहमन महिना, बुधवार, दिवेलागण.

युनियनच्या निवडणुकीला उभा राहिलो आणि एकटा पडलो. गिरणीच्या फाटकावर उर्दू इश्तिहार लागलाय: आत प्रचार मना, केला तर उमेदवाराचं नाव खारीज. लिहिणारा कधी मागावर उभा राहिलाय का? तिथं खडखडाटात ऐकू काहीच येत नाही, आम्ही हातानंच बोलतो.

शेजारच्या मागावरचे रहीमचाचा रोज दुपारी पाच बोटं तोंडापाशी नेतात. जेवलास का? मी पोटावरून हात फिरवतो. जेवलो. न जेवताही फिरवतो.

काल जॉबरनं, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमानं, ती पाच बोटं पाहिली. जवळ येऊन ओरडला, "हे कोणाच्या प्रचाराचं निशाण?"

चाचाही ओरडले, "अरे, जेवणाचं विचारून राहिलो!"

त्यानं माझ्याकडं बोट केलं, "पुन्हा दिसलं तर निवडणुकीतून याचं नाव कापतो."

आज चाचांनी दिवसभर मान वर केली नाही. सुटी झाल्यावर फाटकाबाहेर म्हणाले, "चार दिवस दम धर बेटा. तू निवडून यायला पाहिजे." आणि घाईनं निघून गेले. माझ्याच भल्यासाठी. तरी राग आला. चाचांवर? जॉबरवर? की स्वतःवरच?

बायको गेल्यापासून मला जेवणाचं विचारणारं दुसरं कोणी उरलं नाही, हे आजवर कसं ध्यानात आलं नाही?

आत्ता भाकरी खाल्ली. ताट सारलं आणि भिंतीकडं बघत पोटावरून हात फिरवला.