सुजलेला पाय तू वहिनीला दाखवलास

माय, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा राग मी अजून वहिनीवर काढते. काल करडीला, आपल्या घरी गेले होते. तिनं आग्रह करकरून वाढलं आणि मी म्हणाले, मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं.

तुला हाडांतल्या मज्जेचा कॅन्सर निघाला तेव्हा सारी धावपळ मी केली, हे तू तरी नाकारणार नाहीस. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून सुट्ट्या टाकून यायचे, तुला नागपूरला न्यायचे. फाईल माझ्याजवळ, कॅप्सूल कोणत्या दिवशी घ्यायची ते मला पाठ, डॉक्टरांशी बोलायची तीही मीच. आणि घरी परतलो की खाटेवर टेकायच्या आधी तू हाक मारायचीस वहिनीला. "पोरी, पाणी आन वो." पोरी! पोटची पोर शेजारी पिशव्या धरून उभी. माझा नुसता जळफळाट व्हायचा, आणि तो लपवायला मी तुझ्यावरच खेकसायचे, पथ्य पाळत नाहीस म्हणून.

मग तुझा डावा पाय सुजला. आपल्याकडे पाय सुजला की आधी हत्तीपायच मनात येतो, तसा तो तुझ्याही आला, आणि लाजेनं तू लुगडं घोट्याखाली ओढून बसू लागलीस. दाखवलास तो फक्त वहिनीला. रोज दुपारी दार लोटून ती कोमट तेलानं तो चोळत होती. रविवारी मी येते, तुझ्यासमोर बसून चहा पिते, आणि तू मला शेजारणीच्या म्हशीचं सांगत बसतेस. दोन दिवसांनी तुला धाप लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, ती फुफ्फुसात जाऊन अडकली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्या कॅप्सूलनं तसं होऊ शकतं.

वहिनी माझ्या गळ्यात पडून रडत होती. "बाई, मले का मालूम? मले तं हत्तीपायच वाटला. माय म्हने, तिले सांगू नोको, रागावते."

रागावते! खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. तिनं लपवलं म्हणून मी चिडले, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही माय. तुझ्या पायावर तिचे हात फिरले, माझे नाही, याचा मला आजही हेवा वाटतो.

हे वहिनीला वाचून दाखवावं असं मनात होतं. नाही दाखवणार. कॅप्सूल सुरू केली त्याच दिवशी डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "रक्त पातळ करायची गोळी दिली आहे, तरी एक पाय सुजला तर चोळू नका, त्याच दिवशी घेऊन या. घरात सगळ्यांना सांगून ठेवा." तुला मी सांगितलं नाही, घाबरशील म्हणून. वहिनीला सांगितलं नाही, कारण तुझ्याबद्दलचं काहीतरी एकट्या मला माहीत असावं, असं मला वाटत होतं.