आमच्या घरी ओला कचरा नाही

खालचा वाडा, पेडणे
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप कृष्णनाथ भावोजींस,
धाकट्या मेहुण्याचा, सगुणचा, वाकून नमस्कार, आणि चंद्रावतीताईला दोनदा. तुमचा गुडघा कसा आहे? मयेच्या तळ्याकडे रोज फिरायला जाता असं ऐकतो, म्हणजे बरा असावा. आमच्याकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. फोनवर सांगणार होतो, पण आमच्या म्हशीचा विषय काढला की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मार्चात आमच्या पंचायतीने घरोघरी एक कार्ड वाटलं. दर सोमवारी हिरव्या बाल्दीत ओला कचरा, निळ्या बाल्दीत सुका. लागोपाठ चार सोमवारचे शिक्के पडल्याशिवाय पंचायतीतून कसलाही कागद मिळणार नाही. आणि मला तर कागद हवाच होता. गोठ्याची कौलं फुटलीत, वर पत्रे घालायची परवानगी पाहिजे. गेल्या पावसात आमची मोगरी अख्खा श्रावण भिजत उभी होती, बिचारी खोकायला लागली. आता तिचं वय झालं, आणखी एक पावसाळा ती तशी काढणार नाही. सत्यवतीने तेव्हाच बजावलं होतं, यंदा पत्रे नाहीत तर तुम्ही गोठ्यात झोपा, म्हैस ओसरीवर झोपेल. (आणि ती बोलते तसं करते, हे तुम्ही आमच्या लग्नापासून जाणता.)

पहिल्या सोमवारी कचरा न्यायला मधुकर आला. हा पंचायतीचा कारकून. गाडी, शिक्का आणि तोंड तिन्ही त्याच्याकडेच. हिरवी बाल्दी रिकामी! अहो, असणार काय तिच्यात? भाजीची देठं, फणसाची काटेरी चारखंडं, पेजेचं पाणी, कालचा भात, सगळं मोगरीला. माशांचे काटे मांजराला. नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत, राख मिरच्यांना. मधुकर म्हणाला, कचरा नाही तर टाकता कुठे? मी म्हटलं, बाबा, आम्ही टाकतच नाही. त्याने कार्डावर लिहिलं, 'सहकार्य नाही'. आता बोला! ज्याच्या घरी उकिरडा त्याला शिक्का, आणि आम्ही गुन्हेगार. दुसऱ्या सोमवारी सत्यवतीने मुद्दाम भोपळ्याची सालं राखून ठेवली, तर मोगरीने दावं तोडलं आणि मधुकरच्या डोळ्यांदेखत बाल्दी साफ केली, वर त्याच्या वहीचं एक पान.

तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं (मी म्हणतो तुमच्या, ताई म्हणते माझ्या) की महिनाभर मोगरीला तुमच्याकडे पाठवावी. महिनाभर, भावोजी. ती गेली आणि कचरा काय जमला म्हणता! माशा, वास, शेजारच्या शेवंतीकाकीच्या शिव्या. पण पडले की चार शिक्के! सणाचे कपडे घालून कार्ड घेऊन पंचायतीत गेलो, तर भिंतीवर नवा कागद. खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या तक्रारींमुळे नियम सैल केलाय, ज्यांच्या घरी गुरं त्यांना ओला कचरा माफ. मी आनंदाने टाळी वाजवली. मधुकरने माझं कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, सगुणबाब, गुरांच्या घरी कचरा नसतो हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्याकडे चार सोमवार बाल्दी भरून वाहतेय. "गोरवां नात जाल्यार गोठो कित्याक?" गुरंच नाहीत तर गोठा कशाला, म्हणे! तोंडात मारल्यासारखं झालं, कारण मेला बोलला ते खरंच होतं. शेवटी हातापाया पडलो तेव्हा म्हणाला, सोमवारी (म्हणजे उद्याच!) दहाला येतो, म्हैस दाखवा, परवानगी घ्या. ती नाही दिसली तर अर्ज पावसाळ्यानंतर.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल चोळत जा.

आपला,
सगुण

ता. क. तर मोगरीला परत पाठवायचं बघा. महिन्याचा दीड महिना झालाय.

ता. क. दुसरा. धारगळच्या बाजारात तुमचा शेजारी दत्ताराम भेटला. म्हणाला, कृष्णनाथाने गोठ्यावर नवे पत्रे घातले, परवानगीच्या अर्जाला म्हशीचा फोटोही लावलाय, डावं शिंग मोडकं. भावोजी, तुमच्या घरी तुमच्या वडिलांनंतर म्हैस नाही, आणि डावं शिंग मोडलेली म्हैस दोन्ही तालुक्यांत एकच आहे. मी रागावलेलो नाही. म्हणजे रागावलोय, पण नातं मोठं.

ता. क. शेवटचा. सत्यवतीने पत्र तुमच्या हाती दिलं आणि "जरा ताईंना भेटून येते" म्हणत मागच्या दारी गेली असेल. ताई तर स्वयंपाकघरात आहे ना? मागच्या दारी आहे तो गोठा. बाहेर आमच्या गावच्या बाबुरावाचा टेंपो उभा आहे. तुम्ही इथवर वाचेपर्यंत मोगरी त्यात चढलेली असेल, म्हणून तर पत्र जरा लांब लिहिलं.