पलीकडच्या बाजूची काच

धाकट्या,

बाबांना घेऊन डॉक्टरांकडे चाललेय. अकरा वाजता इन्शुरन्सचा माणूस गाडी बघायला येईल. तोवर सीटवरचे काचेचे तुकडे झाडू नकोस, त्याला आधी फोटो काढायचेत. पॉलिसी कपाटाच्या वरच्या खणात आहे. आपली नुसती थर्ड पार्टी नाही, फुल आहे. दाराची काचही त्यात बसते. मी फोन करून विचारलंय.

एजंट म्हणाला, कुणीतरी दगड मारला म्हणून सांगा, म्हणजे फाटे फुटणार नाहीत. तसलं काही सांगायचं नाही. मी हातोडीने फोडली, असंच सांग. बाबा भर उन्हात बंद गाडीत बसले होते. किल्ली हातात होती, पण दार कसं उघडायचं तेच त्यांना आठवेना. अंगावर तुकडे उडू नयेत म्हणून मी पलीकडची काच फोडली. तीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस आतून माझ्याकडे नुसता बघत होता.

वय झालं की होतं असं, म्हणतोस. काल तू तिथे नव्हतास.

नवी काच बसली तरी किल्ली त्यांच्या खुंटीला लावू नकोस, तुझ्याजवळ ठेव. आणि काच कुणी फोडली, असं बाबांनी पुन्हा विचारलं, तर त्यांना मात्र दगडाचंच सांग.

ताई