घंट्यांचे साचे, विभूतीच्या खुणा आणि माझे कपाळ

मी, विरूपाक्ष गुरुलिंग तोंडारे, वय एकाहत्तर, धंदा सायकलच्या घंट्या बनवणे (धंदा बंद पडला, सवय सुटली नाही), राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. परवाच्या ऑगस्टपर्यंत हाच जिल्हा उस्मानाबाद होता. पाट्या बदलल्या, नळ कोरडा तो कोरडाच. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाला तो लागेल, कारण पुढे वाचून त्याला शंका येणार आहे.

कलम एक. राहते घर माझे स्वकष्टाचे आहे. ते पत्नी दानम्मा हिला पूर्ण मालकीने देतो. मुलगा शिवमूर्ती याने तिथे यायचे तर तिला विचारून यावे.

कलम दोन. शिवमूर्ती हा लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून आहे आणि जिल्हा आपणच काढल्यासारखा चालतो. त्यास बिदर रस्त्यावरचा प्लॉट आणि माझी वेताची खुर्ची द्यावी. बसण्याचे काम त्याला चांगले जमते. कारखान्यातले काहीही त्यास मिळणार नाही. दिवाळीला त्याने भंगारवाला आणून साच्यांचे वजन करून घेतले, तेव्हा बाप आतल्या खोलीत जिवंत होता आणि ऐकत होता.

कलम तीन. कारखान्याचे देण्याआधी कारखाना का बंद पडला ते लिहिणे भाग आहे.

आमची घंटी मुंबईच्या अडत्यामार्फत आफ्रिकेतल्या एका देशात जायची. वरची वाटी आम्ही हाताने लेथवर ओढायचो, म्हणून कुठलीही वाटी कुठल्याही बुडावर बसत नसे. प्रत्येक वाटीला तिचे बूड घासून जुळवायचे, मग दानम्मा खटका दाबून कानाने पास करायची. तिने नाक मुरडले की घंटी परत घासायला.

बहात्तर साली तिथल्या सरकारने तयार घंटीवरची जकात दुप्पट केली. त्यांना स्वतःचा कारखाना काढायचा होता म्हणे. सुट्या भागांवर मात्र जकात नाममात्र. इथल्या सरकारनेही मागे न राहता मुलाम्याच्या निकेलवर आयात कर ठेवलाच होता. ज्या साहेबांनी जन्मात सायकलवर टांग टाकली नसेल, त्यांनी तिकडे एका कागदावर सही केली आणि उदगीरच्या गल्लीतले माझे नऊ कामगार दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाले. अडत्याने कळवले, पडून असलेल्या मालाच्या वाट्या वेगळ्या, बुडे वेगळी पाठवा, तिथे जोडून घेतील. अक्कल शिकवायला त्याचे काय जात होते? जोड्या ठरलेल्या असतात हे त्याला सांगून कळले नाही.

माझा धाकटा भाऊ मलप्पा म्हणाला, "आण्णा, जोडीजोडीला तार बांधू."

मी म्हणालो, "बारा हजार तारा बांधत कोन बसतंय? इबूतीच्या खुणा करू."

आम्ही नव्या मालाला पहिली विभूती लावूनच पाठवत असू. मी ठरवले, तिचाच उपयोग करायचा. वाटीच्या आत दोन बोटे, बुडावर दोन बोटे. पुढच्या जोडीला आडवी, त्याच्या पुढच्या जोडीला ठिपका. एका पेटीत चाळीस जोड्या, म्हणून अशा चाळीस तऱ्हा मी काढल्या आणि स्वतःवर खूश झालो. त्या साली आडात पाणी नव्हते, म्हणून माल धुतला नव्हता. पॉलिशचे तेल तसेच होते.

मलप्पा परत म्हणाला, "तेलावर इबूत टिकत न्हाई, आण्णा."

"कपाळावर टिकती, वाटीवर का टिकना? मला शिकवायलास का?"

पेट्या तिकडे उघडल्या तेव्हा सगळीकडे पांढरट चिकट राड होती. बारा हजार वाट्या, बारा हजार बुडे, कोणाची जोडी कोण हे सांगायला कोणी नाही. त्यांनी हाताला लागेल ते जोडले. नमुन्याच्या सहा घंट्या परत आल्या. खटका दाबला की ठक् वाजायचे, लाकडावर मारल्यासारखे. त्यानंतर त्या बाजारात आमचे नाव संपले.

आमच्या मठात समाजाच्या पंचांनी विचारले, खुणा कोणी केल्या. मी म्हणालो, मलप्पाने.

तो तिथेच बसला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, बाहेर जाऊन चप्पल घातली, आणि आठ दिवसांत बायकोमुलांसह नायगावला गेला. तिथे तो दहा वर्षे पंक्चर काढतो आहे. उदगीरच्या लोकांनी त्याला भावाचा धंदा बुडवणारा म्हटले, मी ते ऐकून घेतले. दानम्मा एवढेच म्हणाली, "खुना तुमी केल्या. मी बघितलंय." त्या दिवसापासून तिने एकही घंटी कानाला लावली नाही. अडत्याला आणि जकातवाल्यांना मी दहा वर्षे शिव्या दिल्या. ते त्या लायकीचेच आहेत. पण खोटे त्यांनी बोलायला लावले नव्हते.

कलम चार. लेथ, सर्व साचे आणि कारखान्याची जागा मलप्पा गुरुलिंग तोंडारे यास पूर्ण मालकीने देतो. गेल्या महिन्यात अडत्याचे पत्र आले: तिकडचा कारखाना बुडाला, तयार घंटीवरची जकात उतरली, नमुना पाठवा. पत्र साच्यांच्या पेटीत आहे. माल करायचा की नाही ते त्याने ठरवावे. केला तर दानम्माला ऐकवून पाठवावा.

कलम पाच. परत आलेल्या घंट्यांपैकी एक अडत्यास टपालाने पाठवावी, एक शिवमूर्तीच्या टेबलावर ठेवावी. साहेब झाल्याचा भास झाला की त्याने ती वाजवावी.

कलम सहा. हे मृत्युपत्र त्याच मठात, उरलेल्या पंचांसमोर, कलम तीनसकट मोठ्याने वाचावे. वाचल्याशिवाय शिवमूर्तीस प्लॉट मिळू नये.

कलम सात. विधी जंगमस्वामींनी करावेत. आमच्या रीतीप्रमाणे समाधीसाठी मला बसवल्यावर कपाळावरची विभूती मात्र मलप्पाने लावावी. नायगावला माणूस पाठवावा आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. तो आला नाही तर दुसऱ्या कोणी हात लावू नये, कपाळ मोकळे जाऊ द्यावे. आला तर त्याने आधी ते कोरडे पुसून घ्यावे. तेलावर टिकत नाही, हे त्याने मला सांगितले होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि एक शब्दही मागे घेत नाही.

सही: विरूपाक्ष गुरुलिंग तोंडारे

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. सिद्धेश्वर मठपती, निवृत्त शिक्षक, उदगीर
२. मल्लिकार्जुन बिरादार, पूर्वी कारखान्यात लेथवर, नंतर खडीवर

ठिकाण: उदगीर
दिनांक: ९ डिसेंबर १९८२